सगळ्यात टुकार अल्बम कुठला? वाचकांची पत्रं आणि आमची भांडणं

मागच्या अंकात एकाने विचारलं होतं की सत्तरच्या दशकातल्या मोठ्या प्रोग्रेसिव्ह रॉक (म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, लाडाने प्रोग) बँडांचा सगळ्यात टुकार अल्बम कुठला, आणि मी फार डोकं न लावता इमर्सन, लेक अँड पामर ह्या तिघांच्या बँडचा (ईएलपी म्हणतात ते हेच) 'लव्ह बीच' असं एका ओळीत सांगून मोकळा झालो. चूक झाली. उत्तर चुकलं की नाही ते खाली बघूच, पण एका ओळीत दिलं ही चूक नक्की, कारण त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी मी काही चांगलं ऐका म्हणून सांगितलं तेव्हा आजवर कधी आली नाहीत. चांगल्या अल्बमवर सगळे माना डोलावतात, वाईटावर मात्र प्रत्येकाला बोलायचं असतं. तर आजचं सगळं सदर ह्या एकाच भांडणाला.

काका, तुम्ही 'लव्ह बीच' शेवटचा कधी ऐकलात? खरं सांगा. लोक कव्हर बघूनच शिव्या घालायला लागतात. दुसऱ्या बाजूचं वीस मिनिटांचं गाणं दुसऱ्या कुठल्या बँडने केलं असतं तर तुम्हीच गोडवे गायले असते. उत्तर द्या, टाळू नका.
एक ईएलपीवाला, डोंबिवली

टाळत नाही बाबा. परवा रात्री जेवण झाल्यावर हेडफोन लावून दोनदा ऐकला, बायको म्हणाली चेहरा असा का केलायस, तर ते पहिल्या बाजूमुळे.

कव्हरचं म्हणाल तर त्या कव्हरला शिव्या पडणारच की हो. 1973 चा 'ब्रेन सॅलड सर्जरी' आठवा, त्यावर एच. आर. गीगरचं ते कवटीचं भयाण चित्र, हाच तो माणूस ज्याने पुढे 'एलियन' सिनेमातला राक्षस काढला. आणि पाचच वर्षांनी, नोव्हेंबर 1978 मध्ये, तेच तिघे समुद्रकिनाऱ्यावर शर्टाची बटणं उघडी टाकून असे हसतायत जणू हॉटेलचं ब्रोशर आहे. इमर्सनला स्वतःला ते नाव आणि ते कव्हर दोन्ही आवडलं नव्हतं.

पण पार्श्वभूमी बघा. 1977 मध्ये ह्यांनी अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन अमेरिकेचा दौरा काढला, सत्तरेक वादक, त्यांचा पगार, त्यांची हॉटेलं, विमानं, पैसा पाण्यासारखा गेला आणि थोड्याच शोनंतर ऑर्केस्ट्रा घरी पाठवून तिघांनाच वाजवावं लागलं. एकमेकांचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती, पण करारात अटलांटिक कंपनीला अजून एक अल्बम देणं बाकी होतं आणि कंपनीला हवी होती रेडिओवर लागतील अशी छोटी गाणी. तो बहामात, नासाऊला रेकॉर्ड झाला, आपापलं काम उरकून लेक आणि पामर निघून गेले आणि उरलेलं सगळं निस्तरत एकटा इमर्सन तिथे बसला. लग्न मोडलंय पण वास्तुशांत ठरलेली आहे म्हणून दोघं पाटावर बसलेत, असा तो अल्बम आहे.

म्हणून पहिली बाजू ऐकवत नाही. लेकचा आवाज तेव्हाही सोन्यासारखा होता, पण 'टेस्ट ऑफ माय लव्ह'चे शब्द घरात मोठ्याने लावायची सोय नाही. एकच, ते शेवटचं 'कानारिओ', स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोच्या गिटार-ऑर्केस्ट्राच्या रचनेतलं, ते मात्र मस्त वाजवलंय, तिथे तिघं जागे झालेले कळतात.

आणि दुसरी बाजू. तुमचं बरोबर आहे, मान्य. महायुद्धातल्या इंग्रज अधिकाऱ्याची ती गोष्ट, शाळा, प्रेम, आघाडीवरची पत्रं, बायको जाणं, त्यात इमर्सनचा पियानो जसा येतो तसा पाट्या टाकणाऱ्या माणसाच्या हातून येत नाही. शेवटचं ते मार्च मला अजूनही जरा पुठ्ठ्याचं वाटतं, पण बाकी ऐकण्यासारखं आहे. तर मी शब्द मागे घेतो, अर्धा. अर्धा अल्बम पाट्या टाकलेला, अर्धा नाही. सगळ्यात टुकारचा मान 'लव्ह बीच'कडून काढून घेतला आहे. तो कुणाला दिला ते शेवटी.

माझे बाबा म्हणतात येस ह्या बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' म्हणजे कळस, आणि नेटवर बघावं तिथे प्रोगचा सगळ्यात फुगलेला कंटाळवाणा अल्बम म्हणून त्याचंच नाव. मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूला झोप लागली. बाबांना काय सांगू?
विद्यार्थिनी, पुणे

बाबांना सांग की झोप लागली, आणि मग म्हण की तिसऱ्यांदा त्यांच्यासोबत बसून ऐकशील. खूश होतील.

आता ह्या अल्बमबद्दल मी जरा लांब बोलणार आहे कारण ह्यात आपला थोडा हात आहे. झालं असं की मार्च 1973 मध्ये येसच्या आधीच्या ड्रमरच्या, बिल ब्रुफर्डच्या, लग्नात येसचा गायक जॉन अँडरसनला किंग क्रिमसन ह्या दुसऱ्या बँडचा जेमी म्युर भेटला आणि त्याने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं. त्याच महिन्यात येस जपानमध्ये होते, तिथे अँडरसन ते पुस्तक वाचत होता आणि त्यातल्या एका तळटीपेवर त्याची नजर अडकली, ज्यात शास्त्रांचे चार प्रकार सांगितलेत. झालं, चार प्रकार, एलपीच्या चार बाजू, प्रत्येक बाजूला वीसेक मिनिटांचं एक गाणं. पुस्तकावर नाही हां, तळटीपेवर डबल अल्बम.

ते चार प्रकार म्हणजे श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं. आता आपल्या घरी पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सोडताना 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' म्हणतात ना, तेच. आपण ते ऐकत ऐकत पाय कधी मोकळे करायचे ह्याचा विचार करत असतो आणि लँकशायरचा एक पोरगा त्यावर ऐंशी मिनिटं संगीत रचतो, ह्याचं मला कायम हसू पण येतं आणि थोडं भरूनही येतं. म्हणजे त्याला शास्त्रं कळली असतील असं अजिबात नाही, पण हौस बघा ना.

कीबोर्डवाल्या रिक वेकमनला मात्र हे पटलं नव्हतं. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत खेड्याचा फील यावा म्हणून गवताचे भारे आणि पुठ्ठ्याच्या गाई आणून ठेवल्या होत्या, आणि हे महाशय शेजारच्या खोलीत ब्लॅक सॅबथ ह्या बँडवाल्यांकडे, तिथे त्यांच्या एका गाण्यात कीबोर्ड वाजवला आणि मोबदला बिअर. पुढे दौऱ्यात मँचेस्टरच्या शोमध्ये त्याने चालू कार्यक्रमात स्टेजवर करी खाल्ली ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. तो सांगतो की मदतनिसाने शोनंतर काय खाणार एवढंच विचारलं होतं, ह्याने यादी सांगितली आणि त्याने ती तेव्हाच आणून हातात दिली. यादीत विंदालू, पापड, भेंडीची भाजी, भरलेला पराठा आणि 'बॉम्बे आलू', जो बॉम्बेत मी आजतागायत कुणाच्या घरी खाल्लेला नाही. विंदालू पण चिकनचा. गोव्यातल्या माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला डुकराशिवाय विंदालू म्हणजे वेकमनशिवाय येस.

तर अल्बम वाईट आहे का? लांबला आहे, शंभर टक्के. पहिली बाजू उत्तम, चौथी त्याहून चांगली, दुसरीत सुंदर जागा आहेत पण त्यांच्यामध्ये चालत जावं लागतं, तिसरीत बराच वेळ भांडी पडल्यासारखं वाटतं आणि मग शेवटी ते साध्या गिटारवरचं गाणं येतं आणि सगळं माफ. माझी एक कबुली. मी हा पहिल्यांदा ऐकला तो भरून घेतलेल्या नव्वदच्या कॅसेटवर, दोन बाजू इकडे दोन तिकडे, बरोब्बर बसतो. भरून देणाऱ्या दुकानदाराने तिसरी बाजू विसरून तिच्या जागी दुसरीच परत भरली होती आणि मला हे चार वर्षांनी कळलं, तोवर मी लोकांना छातीठोक सांगत होतो की येस एकच कल्पना मुद्दाम दोनदा मांडतात, ह्यात खोल अर्थ आहे.

पण टुकार नाही. हे लोक झेपणार नाही एवढं मोठं काहीतरी करायला गेले आणि थोडे तोंडावर पडले. तसं पडणं वेगळं.

किंग क्रिमसनचा वाईट अल्बम नाहीच. दाखवा एक.
नागपूर

'अर्थबाउंड', 1972. लाइव्ह, आणि चक्क कॅसेटवर रेकॉर्ड केलेला. आवाज असा की बँड हॉलमध्ये आणि माईक संडासात. अमेरिकेत अटलांटिकने तो काढायलाच नकार दिला. वाजवलंय मात्र जीव तोडून, त्यामुळे माझ्या हिशोबात तोही टुकार नाही, नुसता घाण आहे. पुढे.

'लव्ह बीच', येसचा 'टोरमॅटो', जेंटल जायंटचा 'जायंट फॉर अ डे', तिन्ही 1978 चे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये पाण्यात काही होतं का? की पंकने सगळ्यांना घाबरवलं?
कोल्हापूर

पंकने, म्हणजे त्या छोट्या, रागीट, झटपट गाण्यांच्या नव्या लाटेने, मारलं हे सगळेच म्हणतात, सोपं उत्तर आहे म्हणून. पण पंकने घाबरवलं ते बँडांपेक्षा कंपन्यांना जास्त. वीस मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, सिंगल (एकेकटं छोटं गाणं) द्या, सिंगल द्या, हा धोशा लागला. त्यात इंग्लंडमध्ये तेव्हा वरच्या कमाईवर टॅक्स 83 टक्के, त्यामुळे कुणी बहामात, कुणी स्वित्झर्लंडमध्ये जाऊन राहिलेलं. पण नुसतं टॅक्सवरही ढकलता येत नाही, कारण येस तसेच स्वित्झर्लंडला गेले आणि तिथून 1977 मध्ये 'गोइंग फॉर द वन' घेऊन आले, ज्यात 'अवेकन' आहे आणि ज्याने 'अवेकन' ऐकलं नसेल त्याने हे सदर वाचणं थांबवून आधी ते ऐकावं. आणि जेथ्रो टलने ह्याच 1978 मध्ये 'हेवी हॉर्सेस' काढला, शेतावरच्या घोड्यांवर, ना पंक ना डिस्को, आपलं आपलं नांगरत बसले.

'टोरमॅटो'चं दुखणं वेगळं आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरमध्ये येस टोर नावाची टेकडी आहे, त्यावरून नाव, मग कव्हरवर टोमॅटो फेकून मारलेला. स्वतःच स्वतःला टोमॅटो मारून घेतल्यावर समीक्षकांना काय काम उरलं! गाणी वाईट नाहीत हो, पण बास, गिटार, कीबोर्ड तिघंही एकाच वेळी एकाच पट्टीत बडबडतायत, आपल्याकडे लग्नात तीन आत्या एकदम बोलायला लागल्या की कसं होतं तसं, आणि वर आवाज पातळ, कळकट.

जेंटल जायंटचं मात्र वाईट वाटतं. हे लोक एकेकटे चार-चार वाद्यं वाजवणारे, पाच आवाजांची गुंतागुंतीची गाणी बसवणारे, आणि 1978 च्या अल्बमवर त्यांनी काय दिलं, तर कव्हरवर राक्षसाचा मुखवटा, कात्रीने कापून तोंडाला लावा. आतली गाणी कुठल्याही बँडची वाटावीत अशी. दोन वर्षांनी बँड बंद. मजा पुढेच आहे. गायक डेरेक शुलमन नंतर रेकॉर्ड कंपनीत गेला आणि बॉन जोव्हीला करारबद्ध करणारा तोच! म्हणजे हिट काय असतं ते त्याला चांगलं कळत होतं, फक्त स्वतःच्या बँडकडून ते करून घेता आलं नाही. पुढे ड्रीम थिएटर ह्या प्रोग बँडलाही त्यानेच घेतलं, तेव्हा पाप फिटलं म्हणायचं.

जेथ्रो टलचा 'अंडर रॅप्स' मला खूप आवडतो. माझ्यात काही दोष आहे का?
लाजरा, सातारा

नाही. गिटारवाला मार्टिन बारसुद्धा तो आपल्या आवडत्यांपैकी आहे असं म्हणालाय, त्यामुळे तुम्ही किमान दोघं आहात.

1984 चा तो अल्बम, हेरांच्या गोष्टी, आणि ड्रमर नाहीच, सगळं मशीनवर. टलसारख्या बँडमध्ये मशीनचे ड्रम म्हणजे पुरणपोळीवर सॉस. चाली खरंच चांगल्या आहेत, कधीतरी कुणी खरा ड्रमर घेऊन वाजवल्या तर लोक तोंडात बोटं घालतील. पण ती गाणी इतक्या वरच्या पट्टीत की दौऱ्यात इयन अँडरसनचा गळा बसला आणि तो पूर्वीसारखा परत आलाच नाही, ही किंमत फार झाली. आणि एक गंमत, एलपीवर अकरा गाणी होती, कॅसेटवर पंधरा. मी कॅसेट घेतली होती.

1997 मध्ये मी इकडे नवीन आलो होतो, जेनेसिसच्या शोचं तिकीट काढलं, पहिल्यांदा बघणार म्हणून पुण्याला फोन करून मित्रांना जळवलं, आणि दौराच रद्द. तेव्हापासून 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' मी रागाने ऐकलेला नाही. आता ऐकू का?
न्यू जर्सी

तुमचा राग रास्त आहे पण गायकावर काढू नका. जेनेसिसचा आधीचा गायक फिल कॉलिन्स 1996 मध्ये सोडून गेला, बँक्स आणि रदरफर्ड दोघं उरले आणि त्यांनी रे विल्सन नावाच्या स्कॉटिश पोराला घेतलं, ज्याचं आधीच्या बँडबरोबर जीन्सच्या जाहिरातीतलं एक गाणं इंग्लंडमध्ये एक नंबरला गेलेलं. आवाज खर्जातला, चांगला. अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेला, युरोपात दौराही झाला, पण अमेरिकेत तिकिटंच खपेनात, आधी मोठे हॉल सोडून छोटे घेतले आणि मग तेही रद्द. मग विल्सनला नारळ, आणि 2007 मध्ये कॉलिन्ससकट पुन्हा स्टेडियमं भरवली.

ऐका, पण दोन-तीन गाणीच. पहिलं टायटल साँग खरंच दमदार आहे. नंतर कळतं की सगळी गाणी एकाच चालीने चालतायत, मध्यम वेगात, मान खाली घालून, पावसात बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी. गाणी गायक येण्याआधीच बरीचशी बांधून झाली होती आणि त्याला नंतर त्यात उभं केलं, भाड्याचा सूट घातलेल्या नवरदेवासारखं. खांद्याला बसतो, हाताला आखूड.

पिंक फ्लॉइडला का सोडताय? घाबरता का?
ठाणे

घाबरतो, ठाण्यात फ्लॉइडवाले फार आहेत. 1969 च्या 'उम्मागुम्मा'ची स्टुडिओवाली तबकडी घ्या. चौघांनी अर्धी-अर्धी बाजू वाटून घेतली, भावाभावांत शेत वाटतात तशी. गिटारवाला गिलमोर नवीन होता, त्याने बासवाल्या वॉटर्सला म्हटलं जरा शब्द लिहून देशील का, वॉटर्स म्हणाला नाही. पुढची पंधरा वर्षं त्या एका 'नाही'त आहेत. ड्रमर मेसनने आपल्या वाट्यात बायकोला बासरी वाजवायला बसवलं आणि ते त्यातलं सगळ्यात श्रवणीय आहे. पण तेव्हा ही पोरंच होती, चाचपडत होती. चार वर्षांत 'डार्क साइड ऑफ द मून' आला. सोडून द्या.

पुरे झालं इकडचं तिकडचं. एकच नाव घ्या.
तीन वेगवेगळी पत्रं, मजकूर साधारण हाच

येसचा 'युनियन', 1991.

का ते ऐका. तेव्हा येसचे दोन तुकडे होते. एकीकडे जॉन अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि गिटारवाला स्टीव्ह हाउ, आपापली आडनावं लावून फिरणारे, कारण 'येस' हे नाव दुसरीकडच्या स्क्वायर, रेबिन, व्हाइट आणि के ह्यांच्याकडे होतं. दोघांचे अर्धवट अल्बम तयार होते. कुणाच्या तरी डोक्यात आलं की एकत्र करू, आठ जण, एक नाव, जगभर दौरा. म्हणून ह्यांची गाणी आणि त्यांची गाणी एका कव्हरमध्ये घातली. आठही जण एकत्र वाजवतायत असं त्यात एकही गाणं नाही. नाव मात्र 'युनियन'!

त्याहून वाईट म्हणजे निर्माता जोनाथन एलायसने वेकमन आणि हाउचे बरेच तुकडे काढून बाहेरच्या वादकांकडून भरून घेतले, गिटार जिमी हॉनकडून, कीबोर्ड आणखी बऱ्याच जणांकडून. स्टीव्ह हाउसारखा माणूस हयात आहे, बँडमध्ये आहे, कव्हरवर नाव आहे, आणि वाजवतोय दुसराच. वेकमन त्या अल्बमला 'ऑनियन' म्हणतो, ऐकला की डोळ्यांतून पाणी येतं म्हणून. त्यात हाउचा एकट्याचा सव्वादोनेक मिनिटांचा गिटारचा तुकडा आहे, 'मॅस्करेड', त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. अख्ख्या आठ जणांच्या अल्बममध्ये नाव निघालं ते एकट्याने बसून वाजवलेल्या गाण्याचं.

'टेल्स'मध्ये पाचही जण होते, वेकमनसुद्धा, तोंड वाकडं करून का होईना पण होता, आणि वाजवलंय त्याने उत्तमच. 'लव्ह बीच'मध्ये शेवटी एक तरी जण बसला होता. 'युनियन'मध्ये घरात कुणीच नाही, दारावर आठ पाट्या.

हां, त्यानंतरचा दौरा, फिरत्या गोल स्टेजवर आठही जण, त्याची रेकॉर्डिंग मिळाली तर सोडू नका. एकत्र उभं राहावं लागलं तेव्हा वाजवलं बरोबर.

माझ्याकडे 'लव्ह बीच'च्या दोन एलपी आहेत, एक वडिलांची, एक कुणीतरी वाढदिवसाला दिलेली. एक तुम्हाला विकायची आहे. योग्य भाव काय?
दादर

अर्ध्या किमतीत घेतो. दुसरी बाजूच लावणार आहे. कव्हर ठेवा तुमच्याकडे.